निरोप समारंभातले फिशपाँड: तुमच्या वर्गात कोणावर काय पडलं?

नौपाड्याची_माहेरवाशीण
लेक नववीत आहे. पुढच्या आठवड्यात शाळेत दहावीचा निरोप समारंभ, आणि फिशपाँड, म्हणजे एकेकावरच्या गमतीच्या ओळी, लिहायचं काम नववीकडे. काल जेवणं झाल्यावर ती वहीची पानं फाडून बसली आणि मला एकदम आमच्या ठाण्याच्या शाळेचा हॉल आठवला. 1994 ची बॅच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला वरून चीर पाडलेली, आठवडाभर त्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्यावर पडेल त्याने उभं राहायचं. दुसऱ्याच तासाला डबा खाणाऱ्या एका मुलावर पडलेला अजून पाठ आहे:

नकाशात शोधतो सह्याद्रीचा घाट,
बाकाखाली उघडलंय डब्याचं ताट!

तो उभा राहिला तेव्हाही तोंडात काहीतरी होतंच. भूगोलाच्या बाईच सगळ्यात जास्त हसल्या.

तुमचेही लिहा ना. आणि एक मदत हवी आहे. दहावीतल्या एका मुलाला लोकलचं वेड आहे, नुसत्या आवाजावरून फास्ट की स्लो सांगतो. लेकीला त्याच्यावर काही सुचत नाहीये.

कळव्याचा_पॅसेंजर
हा घ्या:
फळ्यावर प्रमेय, कान मात्र रुळांवर,
उत्तरात लिहू नको ‘कसारा फास्ट, वेळेवर’!

नौपाड्याची_माहेरवाशीण
अहो कसलं भारी! लेकीने लगेच उतरवून घेतलं.

गणित_नको
आमच्याकडे सरांवरही पडायचे. गणिताच्या सरांवरचा:
‘शेवटचं एकच गणित’, सर म्हणतात हसून,
पुढच्या तासाचे सर दारात उभे रुसून.
सरांनी ती चिठ्ठी मागून घेतली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. नंतर कधीही भेटले की डबी उघडून दाखवायचे.

कोपरीचे_आजोबा
1975. दहावीची पहिली बॅच आमची. त्याआधी अकरावीला मॅट्रिक असे. माइक वगैरे काही नाही, शेलापागोटे, म्हणजे तेव्हाचे फिशपाँड, मात्र होते. हेडमास्तरांचं भाषण, ग्रुप फोटो, एकेक पेढा आणि घरी. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला उजवीकडचा मी. आता त्या रांगेतले फार थोडे उरलो आहोत. दर महिन्याला तलावपाळीला कट्ट्यावर बसतो, अजूनही एकमेकांना शेलापागोट्यांत पडलेल्या त्याच नावांनी हाक मारतो.

गणित_नको
आजोबा, कट्ट्यावर एकदा आम्हालाही बोलवा.

ऐरोलीच्या_बाई
मी शिक्षिका होते, आता निवृत्त. चिठ्ठ्या चाळायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. रंग, जाडी, बोलताना अडखळणं, वडिलांचा धंदा, यावर लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी मी फाडली, त्यात चर्चा नाही. मुलांना एवढंच सांगायचे, तो दिसतो कसा ते नको, तो करतो काय ते लिहा. त्यासाठी त्याच्याकडे नीट बघायला लागतं आणि मग लिहिणारा आपोआप प्रेमाने लिहितो.

दुसरी गोष्ट कुणाला माहीत नसते. प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अशी असतात की त्यांच्या नावाची एकही चिठ्ठी येत नाही. मी हजेरीची यादी घेऊन बसायचे, खुणा करायचे, आणि ज्याच्यापुढे खूण नाही त्याच्यावर स्वतः लिहायचे. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. एक अबोल मुलगा होता, न सांगता रोज फळा पुसायचा. त्याच्यावर:

फळा पुसायला सगळ्यांच्या आधी घेतो धाव,
डस्टरलाही पाठ झालंय आता याचं नाव.

अख्खा वर्ग त्याचं नाव घेऊन ओरडला. उभा राहिला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. माझ्या मते समारंभ त्याच्यासाठीच असतो, भाषणांसाठी नाही.

सीवूड्सवाली
बाई 🙏 डोळे भरून आले. भाजी करपली इकडे.

वीसची_बॅच
आमचे फिशपाँड 2020 च्या फेब्रुवारीत झाले. माझ्यावर ‘हिचा एक तास म्हणजे दोन तास’ असा पडला, कारण मी सगळ्यांना अभ्यासाचं टाइमटेबल करून द्यायचे. शर्टवर सह्या शेवटच्या पेपरला घ्यायच्या ठरल्या होत्या. 21 मार्चला इतिहासाचा झाला, 23 चा भूगोल करोनामुळे पुढे ढकलला आणि मग रद्दच. निम्मे जण गावी गेले. युनिफॉर्म धुऊन इस्त्री केलेला, कोरा, अजून कपाटात आहे. आई कुणाला देऊ देत नाही, आणि मलाही द्यायचा नाहीये.

एकवीसवाला
तुमचे पेपर तरी झाले. आमची परीक्षाच रद्द. निरोप मोबाइलवर, मुख्याध्यापिका पाच मिनिटं म्यूटवर बोलत होत्या आणि कुणालाही थांबवावंसं वाटेना, इतक्या मनापासून बोलत होत्या.

वीसची_बॅच
अरे देवा 😂 मग?

एकवीसवाला
मग सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. सगळ्यांनी ऐकलं.

खाडीपलीकडे
माझ्या मैत्रिणीवर ‘घरी जाताना हिच्या गप्पा, घर आलं तरी अर्धाच टप्पा’ असा पडला होता. दहावीनंतर ती नेरूळला गेली. तेव्हा ठाण्याहून तिकडे थेट गाडी नव्हती, ती 2004 ला सुरू झाली. कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची आणि निघताना शेवटच्या गाडीची धास्ती. तरी जायचे. आता थेट गाडी आहे आणि मैत्रीण पुण्यात.

सीवूड्सवाली
विषय सोडून विचारते, निरोपाला मुली साड्या नेसतात ना? माझी दहावीत आहे, माझी शिफॉन हवीये तिला. दिवसभर टिकेल का?

ऐरोलीच्या_बाई
शिफॉन घसरते. सुती परकर द्या, नाडी घट्ट, निऱ्यांना पिन आतून. पदर आधीच चापून पिनअप करा. आणि आदल्या दिवशी घरात तासभर नेसून फिरू दे, जिना चढ-उतर करू दे.

सीवूड्सवाली
सुती परकर तयार मिळतो का कुठे? इकडे सगळे सॅटीनचे.

नौपाड्याची_माहेरवाशीण
जांभळी नाक्याला बघ. तिची उंची सांगून घे, नाहीतर खालून दिसतो.