मदत हवी आहे : भजनाच्या साथीला अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट घ्यावी की पॅसिफिका ११२ व्ही?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या भजनी मंडळात मी नऊ वर्षं गिटार वाजवतोय, अकूस्टिक. अभंगाच्या दोन चरणांमधली जागा भरताना मला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, लागते आणि तिथे हात अडतो. १२ गेजच्या, म्हणजे जाड तारा, त्यात तिसरी तार वेढ्यांची. अर्ध्या सुराच्या पुढे ती खेचली जात नाही, बोटं मात्र सोलून निघतात. गेल्या महिन्यात मित्राच्या इलेक्ट्रिकवर दहा मिनिटं वाजवलं. ९ गेजची, म्हणजे पातळ साधी तार ऋषभावर धरून खेचली आणि गंधार अलगद येऊन बसला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

बजेटमध्ये दोन इलेक्ट्रिक गिटारी बसतात : स्क्वायर अ‍ॅफिनिटी स्ट्रॅटोकास्टर आणि यामाहा पॅसिफिका ११२ व्ही. दोन्ही एकाच घराण्यातल्या दिसतात. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, २५.५ इंच, पाच खटक्यांचा स्विच, ट्रेमोलोचा, म्हणजे दांड्याने हलणारा ब्रिज. फरक मी वहीत उतरवलेत. अ‍ॅफिनिटीचं खोड पॉप्लरचं, तीन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे भाग, सिरॅमिक चुंबक, २१ फ्रेट, फ्रेटबोर्डाची त्रिज्या ९.५ इंच. पॅसिफिकाचं खोड आल्डरचं, दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजपाशी एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप), अल्निको ५ चुंबक, २२ फ्रेट, त्रिज्या १३.७५ इंच. शिवाय टोनचा नॉब वर ओढला की हंबकरची एकच कॉइल चालू राहते.

आकडे पाठ झालेत, पण बोटांना यातलं काय जाणवेल ते कळत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

मींडेसाठी कोणता फ्रेटबोर्ड बरा?

आम्ही वाजवतो ते मंडपात. झालर दिवे, जनरेटर, अर्थिंग कधी असतं, कधी नसतं. सिंगल कॉइल तिथे किती भुणभुणेल?

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आमचे बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गातात. मी तारा त्यांच्या षड्जाला जुळवून घेतो. एक तार षड्जावर मोकळी वाजत ठेवून दुसरीवर मींड घेतली तर चालेल ना?

जवळच्या दुकानात यातली एकही नाही. आधी एकदा न बघता मागवलेल्या गिटारीच्या फ्रेटची टोकं हाताला कापायची, म्हणून या वेळी विचारून, वाजवून मगच घेणार.

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि ती दोन्ही गिटारींना सारखीच आहे.

ट्रेमोलो ब्रिज एका बाजूने तारा आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगा यांच्या ओढाताणीवर तरंगतो. एक तार खेचलीत की ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. म्हणजे तुम्ही गंधाराला पोचाल तेव्हा मोकळा षड्ज खाली सरकलेला असेल. भजनात तो लगेच कानाला खटकेल. तारांची जुळणी बदलली तरी हेच होतं : तारा अर्ध्या सुराने उतरवल्या की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि पहिल्या फेरीत लावलेली तार दुसऱ्या फेरीत पुन्हा बेसूर.

यावर उपाय आहे. मागचं झाकण काढा, स्प्रिंगांची पट्टी धरून ठेवणारे दोन स्क्रू आवळत जा, ब्रिज खोडावर पक्का टेकेपर्यंत. लागल्यास स्प्रिंगा वाढवा, पाचपर्यंत बसतात. मग तार कितीही खेचा, षड्ज हलत नाही. दांडा फक्त खाली दाबता येईल, पण त्याची तुम्हाला गरजही नाही.

फ्रेटबोर्डाचं म्हणाल तर त्रिज्येचा आकडा मोठा तितकी पाटी सपाट. ९.५ इंचाच्या पाटीवर कॉर्ड धरायला हात सुखावतो. पण तारा फार खाली ठेवल्या असतील, तर वरच्या फ्रेटवर मोठी मींड घेताना तार पाटीच्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मधेच मरतो. १३.७५ वर ही भीती बरीच कमी. तुमच्या कामाला मी पॅसिफिका म्हणेन.

प्रतिसाद २

भुणभुणीबद्दल अनुभवाने सांगते, मी वसईत चर्चच्या क्वायरमध्ये वाजवते. सिंगल कॉइल म्हणजे एकच वेटोळं, आजूबाजूच्या वायरींमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट ते पकडतंच. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे तो गुणगुणाट एकमेकांत विरतो. झालर दिव्यांच्या मंडपात हंबकर मोठा आधार आहे. लक्षात ठेवा, नॉब ओढून एकच कॉइल ठेवलीत की भुणभुण परत येते. आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डावर अ‍ॅम्प लावूच नका. तिथे प्रश्न आवाजाचा नाही, जिवाचा आहे. तारांना हात लागलेला असतो आपला.

प्रतिसाद ३

दांडा वापरायचाच नसेल तर ट्रेमोलो हवा कशाला? त्याच अ‍ॅफिनिटी मालिकेतली टेलिकास्टर बघा. ब्रिज खोडात पक्का बसवलेला, मोकळी तार ढळत नाही. पाटी मात्र तीच, ९.५ची.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. षड्ज सरकण्याचं मला ठाऊकच नव्हतं. मित्राच्या गिटारवर आत्ताच करून पाहिलं, अगदी तसंच होतं. अर्थिंगचं मंडळात आजच सांगतो, मंडपवाल्याकडून टेस्टर लावून घेतल्याशिवाय बसणार नाही.

येत्या शनिवारी कोल्हापूरला जातोय. तिथले दुकानदार पॅसिफिका आणि टेलिकास्टर दोन्ही दाखवतो म्हणालेत. दुकानात ब्रिज टेकवून बघू देतील असं नाही, म्हणून बाराव्या फ्रेटवर पूर्ण सुराची मींड घेऊन तार मरते का तेवढं तपासणार. आणखी काय बघू? आणि समुद्राकाठच्या दमट हवेत स्टीलच्या तारा किती टिकतात, कुणी कोकणातलं असेल तर सांगा. अकूस्टिकच्या माझ्या पावसाळ्यात तीन आठवड्यांत काळ्या पडतात.