मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या डिस्कवरचे फोटो उघडत नाहीत

बाबांचा विंडोज ७ प्रोफेशनलचा लॅपटॉप बंद पडला, म्हणून त्यातली हार्ड डिस्क काढून माझ्या विंडोज ११ च्या मशीनला जोडली. आधी सगळीकडे 'ॲक्सेस डिनाइड'. सिक्युरिटी टॅबमधून ओनर बदलला, तेव्हा बहुतेक फोल्डर उघडले. पण आजीच्या फोटोंचा एकच फोल्डर अडून बसलाय. प्रत्येक फाइलच्या आयकॉनवर छोटंसं कुलूप दिसतं, कॉपीही होत नाही. हे ईएफएस एन्क्रिप्शन (फाइली कुलूपबंद करायची विंडोजची सोय) असणार. तिथे ओनर बदलून भागत नाही, सर्टिफिकेट आणि त्यासोबतची डिजिटल किल्ली (की) लागते. ते आम्ही कधीच एक्सपोर्ट करून वेगळं ठेवलं नव्हतं. मात्र बाबांना जुना लॉगिन पासवर्ड पक्का आठवतोय आणि डिस्कवर त्यांचा यूजर फोल्डर शाबूत आहे. त्यातून ती किल्ली परत मिळवता येते का? कुणी स्वतः केलंय का? आजीचे दुसरे फोटो आमच्याकडे नाहीत हो. तोवर डिस्कला कुणालाच हात लावू देत नाहीये.