ह्यूस्टन असो की बंगळुरू, यानाशी बोलताना लघुरूपं कशाला?

शाळामास्तर, दारव्हा तालुका
२३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ उतरताना शाळेच्या टीव्हीवर बघत होतो. निवेदनात ‘एएलएस’ आलं अन् सातवीतली पोरगी म्हणते, सर, हे काय? ऑटोमॅटिक लँडिंग सिक्वेन्स, यानानं आपलं आपण उतरायचं, असं सांगेस्तोवर यान बरंच खाली आलेलं.
पोरांचं सोडा. जिथं बोलण्यावर जीव टांगलेला, तिथं सुटी अक्षरं नकोतच. चंद्राकडं निघालेलं अमेरिकेचं यान अपोलो १२ घ्या. १४ नोव्हेंबर १९६९, उड्डाणानंतर मिनिटाच्या आत दोनदा वीज पडली, धोक्याचे दिवे धडाधड पेटले. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून सूचना गेली, ‘एससीई टू ऑक्झिलरी’, म्हणजे एससीईचा स्विच पर्यायी बाजूला टाका. कमांडर कॉनरॅड यांनी ऐकलं ‘एफसीई’. हे काय म्हणून त्यांनीच उलट विचारलं. एस अन् एफ, खरखरीत फरक कळते कोणाले?

खांबावरचा
मास्तर, मी वायरमन आहे. अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. ‘सिग्नल कंडिशनिंग इक्विपमेंट’ असं लांबलचक म्हटलं असतं तर कॉनरॅडले सापडलं असतं काय? स्विचपाशी ‘एससीई’ हेच लिहून होतं. यानातले सोबती ॲलन बीन यांना जागा ठाऊक होती, त्यांनी तो टाकला, अन् जमिनीवर नियंत्रण कक्षातल्या जॉन ॲरन यांच्यासमोरचे बिघडलेले आकडे सरळ झाले. सूचना ॲरन यांचीच. पाटीवर लिहिलं तेच तोंडात पाहिजे. आमच्याकडं ‘रोहित्र’ कोण म्हणते? पावसात फोन येते, ‘भाऊ, नाल्यावरची डीपी जळाली’, मी निघतो.

रेडिओवेडी, वणी
जिथं जमतं तिथं ह्यूस्टनवाले अक्षरं सुटी ठेवतच नाहीत. मेन इंजिन कट-ऑफचं ‘मीको’, फ्लाइट डायनॅमिक्स ऑफिसरचं ‘फायडो’. असा शब्द खरखरीतही टिकतो. मास्तरांचा राग एससीईवर असू द्या, सगळ्यांवर नको.

शाळामास्तर
फायडो मान्य. पण भाऊ, गावात डीपी दोन आहेत. तुम्हाला कळलं ते ‘नाल्यावरची’मुळं, ‘डीपी’मुळं नाही.

खांबावरचा
हे बरोबर बोललात. पण पूर्ण शब्दाचाही भरवसा नाही. मागच्या पावसाळ्यात मी ऐकलं ‘परमिट दिलं’, म्हणजे लाइन बंद आहे, काम करा. तिकडून म्हटलं होतं ‘परमिट दिलं नाही’. मधीच आवाज तुटला. ऐकलेलं परत म्हणून दाखवायची सवय होती, म्हणून आज लिहून राहिलो. ह्यूस्टननंही उलटा प्रश्न ऐकल्यावर ‘एससीई, एससीई’ असं दोनदा म्हटलं होतं. समोरचा ‘हो’ म्हणेस्तोवर मी तारेला हात लावत नाही.