तांब्याचं पदक घासू नका
बंदरांची स्मृतिपदकं जमवताना जुनं तांबं उजळावं का, असं इथे एकाने विचारलंय. अजिबात नको! मला जुन्या बाजारात ‘फूद्रोयां’चं पदक मिळालं होतं. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं हे जहाज १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं, त्याच्याच तांब्याची ही पदकं. घरी आणलं आणि आईने चिंच लावून देवाच्या ताम्हनासारखं लख्ख केलं. शंभर वर्षांचा तपकिरी रंग मोरीतून वाहून गेला.

गंमत पुढेच आहे. त्या फुटलेल्या जहाजाच्या जागी जे जहाज घेऊन तेच नाव दिलं, ते मूळचं ‘ट्रिंकोमाली’. १८१७ मध्ये मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं. आता ते इंग्लंडमध्येच हार्टलपूलला आहे. म्हणून ब्लॅकपूलचं पदक मी मुंबईच्या पदकांच्या खणात ठेवलंय. हसा हवं तर!