नवी रॅम टाकली, कॉम्प्युटर चालूच होत नाही (तातडीने मदत हवी)

पत्रिकावाला
४-४ जीबीच्या दोन नव्या स्टिक आणल्या. बसवल्या. पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आणि आतून लांब टूंऽऽ टूंऽऽ चालू. जुनी २ जीबीची लावली की सगळं सुरळीत. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे, त्याच्या मशीनवर लावूनही दाखवला. तुळशीचं लग्न होऊन गेलं, पत्रिकांची रांग लागली आहे आणि नवरानवरीचा फोटो टाकला की फोटोशॉप गोठतं. लवकर सांगा. नवा कॉम्प्युटर घ्या असं कृपया सांगू नये.

सोल्डरगन
मदरबोर्ड कोणता? प्रोसेसर? विंडोज ३२ बिट की ६४?

पत्रिकावाला
काळा डबा आहे, इंटेलचं स्टिकर. १० वर्षं तरी झाली असतील. विंडोज ७ आहे, ओरिजिनल.

पेन्शनर काका
अहो, पोरांचं पांढरं खोडरबर घ्या आणि स्टिकच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने घासा. आमच्या ऑफिसात निम्मी मशीनं मी अशीच चालू केली. इंजिनिअर येऊन तेच करायचा आणि बिल लावायचा.

सोल्डरगन
काका, जुन्या स्टिकला तो उपाय ठीक. या कालच पाकिटातून निघाल्यात आणि दुकानात चालल्या. खोडरबराचा चुरा स्लॉटात गेला तर आणखी एक धागा काढावा लागेल.

पेन्शनर काका
चुरा फुंकरीने जातो. ३० वर्षं झाली, एकही स्लॉट गेला नाही.

एसएसडी_भक्त
रॅम सोडा हो. १२० जीबीची एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपांची वेगवान डिस्क) टाका, मशीन पळेल. माझा २००९ चा डबा अजून टकाटक आहे.

पत्रिकावाला
मी रॅमचं विचारलंय.

लिनक्सगिरी
विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, २ जीबीतही भागेल.

पत्रिकावाला
मिंटवर पत्रिका मांडायचं पेजमेकर चालतं का? आणि मराठी फाँटचा डोंगल, म्हणजे ती मागे खोचायची किल्ली? १५ वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. लोक येतात आणि म्हणतात, थोरल्याच्या लग्नाची होती तश्शीच करा.

उंबरठा
अवांतर: थोरल्याची पत्रिका पुन्हा छापताना आमच्याकडे वधूचं नावच बदलायचं राहिलं होतं. ३०० प्रती वाटून झाल्यावर मावशीच्या लक्षात आलं.

सोल्डरगन
धागा पळवू नका. पत्रिकावाले, जुनी स्टिक लावा, सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या आणि मेनबोर्ड व मेमरी या दोन पानांवर काय दिसतं ते लिहा. फुकट आहे.

पत्रिकावाला
प्रोसेसर कोअर टू ड्युओ ई७५००. चिपसेट जी४१. मेमरी डीडीआर३. एवढंच समजलं.

बारा वाजले
मग स्पीडचा घोळ आहे. नव्या स्टिक १६०० च्या असणार, हा बोर्ड १०६६ चा. कशा चालतील?

सोल्डरगन
चालतात. १६०० ची स्टिक सावकाश बोर्डावर १०६६ नेच चालते. घोळ दुसराच वाटतोय. पत्रिकावाले, नव्या स्टिकवरच्या काळ्या चिपा मोजा. दोन्ही बाजूंच्या.

पत्रिकावाला
एका बाजूला ८. मागची बाजू कोरी.

सोल्डरगन
सापडलं. ४ जीबी ८ चिपांत बसवायचे तर एकेक चिप ५१२ एमबीची, म्हणजे ४ गिगाबिटची लागते. जी४१ ला (बोर्डावरच्या रॅम सांभाळणाऱ्या चिपसेटला) तेवढी मोठी चिप वाचताच येत नाही. त्याची धाव २ गिगाबिटपर्यंत, म्हणजे चिपेमागे २५६ एमबी. तुम्हाला ४ जीबीची अशी स्टिक हवी जिच्या दोन्ही बाजूंना ८-८, एकूण १६ चिपा आहेत. दुकानदार खोटं बोलला नाही. त्याचं मशीन एच६१ या नव्या चिपसेटचं किंवा त्यानंतरचं असणार, तिथे या स्टिक चालतात. आणि "फक्त एएमडीसाठी" अशी स्वस्त रॅम मिळते, ती तर अजिबात उचलू नका.

बारा वाजले
माझ्या मित्राच्या जी४१ वर ८ चिपांची स्टिक चालली होती.

सोल्डरगन
४ जीबीची? पूर्ण दिसली? काही वेळा बूट होतं पण अर्धीच दिसते.

बारा वाजले
विचारून सांगतो.

पेन्शनर काका
तरी खोडरबर मारून बघायला काय हरकत होती.

पत्रिकावाला
सोल्डरगन साहेब, तुमचे उपकार! मिरजेला जाऊन स्टिक बदलून आणल्या. १६ चिपांच्या नव्या मिळाल्या नाहीत, वापरलेल्या मिळाल्या. पहिल्याच दणक्यात चालू. पण आता विंडोजमध्ये लिहून येतंय: ८ जीबी, वापरता येण्याजोगी ३.२४ जीबी. बाकीची कुठे गेली? वापरलेली म्हणून खराब निघाली का?

सोल्डरगन
३२ बिट की ६४, हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

पत्रिकावाला
३२ आहे. ते सगळ्यांचं ३२च असतं ना? डोंगलवाल्याने टाकून दिलं होतं, त्याचा ड्रायव्हर ६४ वर चालत नाही म्हणाला.

सोल्डरगन
रॅम ठणठणीत आहे. ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या वरचं वापरता येत नाही, आणि त्या ४ मधलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेंसाठी राखून ठेवलेला असतो. तुमच्या कामाला एक स्टिक पुरली असती. तरी २ चे ३.२४ झाले, फोटोशॉपला फरक जाणवेल.

लिनक्सगिरी
३२ बिट लिनक्सच्या पीएई कर्नलला (४ जीबीच्या पुढची रॅम वापरणाऱ्या गाभ्याला) मात्र पूर्ण ८ दिसले असते. असो.

एसएसडी_भक्त
म्हणूनच सांगत होतो. एसएसडीवर ६४ बिट विंडोज आणि फोटोशॉप, जुन्या डिस्कवर पेजमेकर नि डोंगल. सकाळी हे चालू करा, दुपारी ते. प्रोसेसर ६४ बिटचाच आहे.

सोल्डरगन
हे मात्र पटतं. पण सीझन संपल्यावर. आत्ता चालू मशीनला हात लावू नका.

पत्रिकावाला
फरक आहे, फोटो उघडतोय. एक स्टिक परत घेतो का विचारायला उद्या पुन्हा मिरज. दुकानदार मला बघून आता आधी चहा सांगतो.

नवा_मेंबर
पत्रिकावाले काका, ती जास्तीची स्टिक विकणार का? माझ्या लॅपटॉपला हवी आहे.

सोल्डरगन
लॅपटॉपची रॅम लांबीला निम्मी असते, ही बसणार नाही. तुमचा लॅपटॉप कोणता?

नवा_मेंबर
सिल्व्हर कलरचा.