मदत हवी आहे: रानातल्या हरणांना औषध लावून गोचिडी आटोक्यात येतात का?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहतो. वस्तीच्या तिन्ही बाजूंना ओकचं रान आहे, त्यामुळे काळ्या पायांच्या गोचिडी आणि त्या चावल्याने होणारा लाइमचा आजार इथे घरोघरी माहीत. पोरं बाहेरून आली की गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आता वस्तीच्या समितीपुढे 'फोर-पोस्टर' बसवायचा प्रस्ताव आलाय आणि मला मत द्यायचंय.

यंत्र तसं साधं आहे. मधल्या पिंपात मका, दोन्ही टोकांना खायची जागा आणि तिथे पर्मेथ्रिन हे गोचिडी मारणारं औषध लावलेले उभे रोलर. हरीण मका खायला वाकलं की त्याचं डोकं, कान, मान रोलरला घासतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडी बहुतेक तिथेच चिकटलेल्या असतात. पोट भरलेली एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, म्हणजे ती मेली तर मोठंच काम झालं. 1997 पासून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत याची मोठी चाचणी झाली, आणि सहाव्या वर्षापर्यंत गोचिडींची पिल्लं सरासरी 71 टक्क्यांनी घटली होती.

सहा वर्षं! लोक तोवर वर्गणी देत राहतील का, हीच माझी खरी काळजी. शिवाय घरांपासून, मुलांच्या मैदानापासून 100 यार्ड लांब ठेवायचं म्हणजे आमच्याकडे जागा मोजून एक-दोन. एका जागी गर्दी झाली की हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा त्यांचा जीवघेणा मेंदूचा रोग पसरायची भीती वेगळीच. कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, आमच्या वस्तीत होतं. सगळ्यात आधी राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी बघा, हरणांना खाऊ घालायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. ज्या वर्षी ओकची फळं भरपूर पडली, त्या शरदात हरणं मक्याकडे फिरकलीच नाहीत. आणि पूर्ण वाढलेल्या गोचिडी हरणांच्या अंगावर चढतात त्या नेमक्या शरदात आणि वसंतात.

पहिल्या उन्हाळ्यात फरक दिसणार नाही हे सभेत आधीच सांगून टाका. आज मादी मेली तर तिची न जन्मलेली पिल्लं पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात माणसाला चावली असती. आमच्याकडे हे कुणी समजावलं नाही, म्हणून लोकांनी दुसऱ्याच वर्षी पैसे थांबवले.

धागाकर्ती:
खूप आभार! मग तोवर अंगणापुरतं काय करावं?

प्रतिसाद:
लाइमचा जंतू गोचिडीला हरणाकडून मिळत नाही, मुख्यतः उंदरांकडून मिळतो. पर्मेथ्रिन लावलेल्या कापसाच्या नळ्या मिळतात, उंदीर तो कापूस घरट्यात नेतात. त्या दगडी कुंपणाच्या कडेने ठेवा. पालापाचोळा काढा, आणि रान व हिरवळ यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा 3 फुटी पट्टा टाका. यासाठी समितीची वाट बघायची गरज नाही.