गाळणे, चाळणे की निवडणे?

प्रश्न : प्रयोगशाळेसाठी मराठीत टिपण लिहितोय. गरम पाणी निवत असताना दर सेकंदाचं तापमान फाइलमध्ये उतरतं; दोन रकाने, वेळ आणि तापमान. सेन्सर 'डीएस१८बी२०'. त्याची वायर ढिली झाली की मध्येच -१२७ उमटतं. त्या ओळी मुलं 'ऑक' या फाइल ओळीओळीने तपासणाऱ्या संगणक-आज्ञेने काढतात. मी लिहिलं, "-१२७ च्या ओळी गाळा." एकीने विचारलं, "सर, गाळून ठेवायच्या की टाकायच्या?" काय लिहू?

— मुलगी हुशार आहे! गाळलेला चहा आपण पितो, पण 'गाळलेल्या जागा भरा' मधलं गाळलेलं गायब असतं. सगळं कर्मावर आहे. 'फाइल गाळा' म्हणालात तर चहासारखं, 'ओळी गाळा' म्हणालात तर जागांसारखं. तुमचं वाक्य चूक नाही, बेसावध आहे.

— 'निवडा' लिहू नका म्हणजे झालं. निवडलेला उमेदवार राहतो, आणि तांदूळ निवडताना हात खड्याला लागतो.

— 'ग्रेप' या फाइलमधून हव्या त्या ओळी शोधणाऱ्या आज्ञेला मी 'वेचणे' म्हणते. कापूस वेचतात तसं, हवं तेवढंच झोळीत. 'ग्रेप' हे नाव 'ईडी' या मजकूर लिहायच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या 'जी/आरई/पी' आज्ञेवरून आलंय : सगळीकडे शोध, सापडलेली ओळ छाप. ('ऑक' मात्र आहो, वाइनबर्गर, कर्निहान या तिघांची आद्याक्षरं, १९७७, बेल लॅब्ज. त्यात अर्थ शोधू नये.)

— मला 'चाळणे' आवडतं, कारण चाळणीला डोळे नसतात. छिद्राला बसलं ते खाली, नाही ते वर. सरांच्या -१२७ ला चाळणी पुरते. हा सेन्सर -५५ च्या खाली मोजतच नाही. पण तो चालू झाल्या झाल्या, मोजमाप व्हायच्या आधी वाचला तर ८५ दाखवतो, आणि निवणारं पाणी ८५ वरून खरोखरच जातं. ते चाळलंत तर कोंड्याबरोबर पीठही जाईल. तिथे निवडणंच हवं, ताटात पसरून.

प्रश्नकर्ता : ८५ चं लक्षातच आलं नव्हतं. टिपणात आता "-१२७ च्या ओळी वगळून उरलेली फाइल चाळ नावाने साठवा" असं आहे. ८५ साठी वेगळी ओळ : "आधी ८५.०६ आणि नंतर ८४.९४ असेल तर ठेवा. आजूबाजूला ६२ असेल तर तो खडा."

— 'चाळ' नको हो, मुलं गिरगावात शोधतील.